सीलचा काय दोष?

गिऱ्हाईक येतं ते निदान ठरवूनच. "काका, शॉकअपचं सील गेलं, नवं टाका." दारात यामाहा आरएक्स 100. 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघालेली ही गाडी नागपुरात अजून जिवापाड जपणारे आहेत. पुढच्या शॉकअपच्या पाईपवरून तेल ओघळलेलं, त्यावर धुळीचा काळा लेप. "आधी कधी टाकलं होतं?" "यंदाच्याच पावसाळ्यात." मग मी सीलकडे बघतही नाही.

सील म्हणजे रबराचा पातळ ओठ, बारीक स्प्रिंगने पाईपवर दाबून धरलेला. खड्डा आला की पाईप त्याला घासत आत-बाहेर होतो. क्रोमला गंजाने एक टोचा पडला असेल, तर तो दर हिसक्याला त्या ओठावर करवतीसारखा फिरतो. अशा पाईपवर नवं सील किती टिकणार? म्हणून पाईप पुसून उजेडात धरायचा आणि सगळीकडून नख फिरवायचं. डोळा चुकतो, नख सहसा चुकत नाही. टोचा पार वर, पाईप धरणाऱ्या टीच्या जवळ असला तर सोडून द्यावा, सील तिथवर पोचतच नाही. सीलच्या वरच्या चार-सहा बोटांत असला तर मात्र गाठ पडली. नुसती कड उठलेली असेल तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून ती बसवता येते. खोल गेला असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग, नाहीतर नवा पाईप. शोभेचं चकचकीत क्रोम इथे कामाचं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपुढे गेला की तेल पातळ होतं आणि हिवाळ्यात दबून राहिलेली गळती उघडी पडते. तेव्हा काही जण आत जाड इंजिन ऑईल ओततात. गळती कमी झाल्यासारखी वाटते, पण सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर हँडल मनगटाला हिसका देतं. हा उपाय मला मुळीच पटत नाही. फोर्क ऑईलच घालावं, दोन्ही बाजूंना मापून सारखं.

सील बसवताना पाईपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवतो, नाहीतर नव्या सीलचा ओठ तिथल्या धारेवरच चिरतो. खालच्या ॲलन बोल्टचं तांब्याचं वॉशरही बदलतो. तिथून झिरपलेल्या तेलाचं खापर बरेचदा सीलवर फुटतं. तेल ब्रेक शूजपर्यंत गेलंय का, हेही बघावं लागतं.

जुन्या बुलेटच्या पाईपवर पत्र्याचं आवरण असायचं. आरएक्सला निदान रबरी गेटर लावा म्हटलं, की पोरं नाक मुरडतात. लूक जातो म्हणे. मी तरी दरवेळी विचारतोच.