दुःखापासून हातभर अंतरावर

मन मोकळं केलं की माणूस हलका होतो, यावर माझा वर्षानुवर्षं ठाम विश्वास होता. वर्ध्याला मानसशास्त्र शिकवताना मी हेच शिकवलं. निवृत्तीनंतर सेलू, देवळी, समुद्रपूरकडच्या गावांत, कर्त्या माणसानं आत्महत्या केलेल्या घरांत जाऊन बसू लागले तेव्हाही याच विश्वासानं. बाईला बोलू द्यायचं, रडू द्यायचं, ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथूनच सुरुवात करायची. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. बोलण्यानं बरं वाटतं हे मी नाकारत नाही. पण माणूस स्वतःकडे कुठून बघत बोलतो, यावर फार काही अवलंबून असतं, असं मला आता वाटतं.

हे मत बदलण्यात मेंदूवरच्या प्रयोगांचाही वाटा आहे, आणि मेंदूविषयीच्या बोलण्याची तर मला मुळात चीड होती. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले, शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्या सुमारास ‘शेतकऱ्यांचं मानसिक आरोग्य’ हे शब्द सगळीकडून ऐकू येऊ लागले. कापसाला भाव नाही, सावकार दारात, आणि तुम्ही त्या माणसाच्या डोक्याकडे बोट दाखवता? हा राग मी अजूनही पुरता सोडलेला नाही. कर्ज मेंदूत तयार होत नाही.

पण ते कर्ज माणसाच्या आत कुठे जाऊन बसतं, हा प्रश्न मी इतकी वर्षं टाळला होता. त्याचं उत्तर शोधताना २००२ सालचा एक साधा प्रयोग वाचनात आला. अमेरिकेतल्या डार्टमथ इथे विल्यम केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि एकेक विशेषण दाखवलं. कधी विचारलं, हे तुम्हाला लागू पडतं का? कधी विचारलं, हे राष्ट्राध्यक्ष बुश यांना लागू पडतं का? शब्द तसेच, पण प्रश्न स्वतःबद्दलचा असला की कपाळामागचा अगदी मधला भाग वेगळा उठून दिसायचा. मेंदूला ‘माझं’ आणि ‘परक्याचं’ यातला फरक कळतो, आणि ‘माझं’ असलेलं तो जास्त पक्कं लक्षात ठेवतो.

पुढे २००७ साली चिनी संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. चिनी लोकांनी स्वतःच्या आईबद्दल विचार केला तरी तोच भाग जागा व्हायचा. पाश्चात्त्य लोकांमध्ये तसं होत नव्हतं. म्हणजे ‘मी’ची हद्द सगळीकडे सारखी नसते. हे वाचलं तेव्हा आपल्या गावांतली माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली. इथल्या शेतकऱ्याच्या ‘मी’मध्ये आई असते, वावर असतं, बैलजोडी असते, पोरीचं ठरलेलं लग्न असतं, गावातलं नाव असतं. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव पडतो तेव्हा तो आकडा त्याच्यासाठी बाजाराचा राहत नाही, ‘आता तोंड कसं दाखवू’ होऊन घरी येतो. आपल्याकडे असा प्रयोग झालेला माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा माझा नुसता कयास आहे. पण मला तो खरा वाटतो.

आता ज्या घरानं माझं मत बदललं त्याबद्दल. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. समुद्रपूर तालुक्यातलं गाव. बाई तिशीची. ओसरीवर सुपात तूर निवडत बसायची, आणि मी गेले की सूप बाजूला ठेवून सांगायला लागायची. दरवेळी गोष्ट एकाच वाक्याशी येऊन थांबायची: “मीच भांडली होती मॅडम सकायी. माह्याच्यानंच झालं.” मग रडणं. मी पाठीवर हात ठेवायची आणि मनात म्हणायची, निचरा होतोय. पण पुढच्या खेपेला ती आणखी खंगलेली दिसायची, सांगणं तेच, आणि वाक्य आधीपेक्षा लवकर यायचं. जेवणखाण सुटलं होतं. सासू मला एकदा दाराशी गाठून हळूच म्हणाली, “तुमी येऊन गेल्यावर ते दोन दिवस उठत नाही जी.” मला ते फार लागलं. तरी सासूला काय कळतंय, असंच मी धरून चालले.

एक दिवस नणंदेची सात-आठ वर्षांची पोरगी त्या बाईच्या मांडीला टेकून बसली होती. तिनं सरळ विचारलं, मामा त्या दिवशी कुठी गेले होते? मी तिला गप्प करणार, तेवढ्यात बाई बोलायला लागली. लहान पोराशी आपण जसं बोलतो तसं. “मामी तवा सैपाकात होती. मामीनं आवाज देल्ला, मामाले आइकू नाही आला. दोन दिस आंधी बँकेचा कागद आल्ता, तो मामानं मामीले दाखोलाच नाही.” बँकेच्या नोटिशीची गोष्ट मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकत होते. सकाळचं भांडण आलं, पण तिथे ती अडकली नाही. पुढे गेली, दुपार सांगितली, पाऊस सांगितला, कोण कोण धावून आलं ते सांगितलं, आणि मग म्हणाली, “मामीले काय मालूम होतं मा?” रडली नाही. तूर निवडत राहिली.

मी घरी आले आणि पुस्तकं काढली. सुसान नोलन-होक्सेमा यांचं काम मी वर्गात शिकवलं होतं, पण ते मला कधी लागू पडलं नव्हतं. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधीच त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. उदास वाटलं की ‘माझंच असं का’ हे उगाळत बसण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, ते भूकंपानंतर सात आठवड्यांनीही इतरांपेक्षा जास्त खिन्न होते. भूकंप सगळ्यांचा एकच होता. २००९ मध्ये इव्हेट शेलाइन यांच्या गटानं नैराश्य असलेल्या लोकांच्या मेंदूत पाहिलं, की बाहेरचं काही समोर असताना स्वतःविषयीच्या विचाराचं जे जाळं एरवी शांत व्हायला हवं, ते त्यांच्यात पुरेसं शांत होत नाही. उगाळणं ते हेच. आणि मी दर पंधरवड्याला जाऊन त्या बाईकडून ते करून घेत होते.

२०१७ सालच्या एका अभ्यासानं मला तिच्या ‘मामी’चा अर्थ लावायला मदत केली. मिशिगनमधल्या जेसन मोझर, इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मन विस्कटवणारी चित्रं दाखवली आणि मनातल्या मनात दोन प्रकारे बोलायला सांगितलं. एकदा ‘मला आत्ता काय वाटतंय’, आणि एकदा स्वतःचं नाव घेऊन, ‘अमक्याला आत्ता काय वाटतंय’. नाव घेतल्यावर मेंदूतली भावनेची लहर सेकंदाच्या आत उतरली. दुसऱ्या प्रयोगात लोकांनी स्वतःच्या आयुष्यातले दुःखाचे प्रसंग आठवले. नावानं बोलताना कपाळामागचा तोच ‘मी’चा भाग कमी पेटला. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यासाठी मनाला आवरून धरण्याचे जादा कष्ट पडल्याच्या खुणा मेंदूत दिसल्या नाहीत. प्रयोगातली माणसं मोजकी होती, एवढ्यावरून सिद्धांत उभा करायचा नसतो. पण जिला उठून चूल पेटवायचं त्राण नाही तिला ‘मनाला समजाव’ सांगणं आणि हे, यात मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं.

मग एकेक आठवत गेलं. आमच्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत माणूस मोठा होतो. भजनाच्या शेवटी ते स्वतःलाच ‘तुकड्या’ म्हणून बाहेर उभं करतात. तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, सगळ्यांचं तेच. नाममुद्रा ही कवीची सही असते, तिचा हेतू वेगळा, हे मी जाणते. पण आयुष्याची होरपळ सांगून झाल्यावर कुणीतरी स्वतःचंच नाव घेतो आणि त्याच्याकडे बघतो, हे ऐकणाऱ्याच्या कानात शेकडो वर्षं पडत आलंय. जात्यावर दळताना बायकांनी सासुरवास सीतेच्या नावानं गायला, तेही मला याच्या जवळचं वाटतं.

विनोबांबद्दलही माझं मत बदललं. १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात त्यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्यानं दिली. पवनारला त्यांच्या आश्रमात अनेकदा जाऊनही त्या विषयाशी माझं पटत नव्हतं. भावना मारून टाकायचा हा उपदेश आहे, अशी माझी समजूत होती, आणि दाबलेल्या भावनेचा ताण शरीरातून जात नाही हे तर प्रयोगांनी दाखवलेलंच आहे. आता वाटतं, दाबणं आणि दूर उभं राहून बघणं या दोन वेगळ्या गोष्टी मी एक धरल्या होत्या. समुद्रपूरच्या त्या बाईनं काहीच दाबलं नव्हतं. उलट, ‘मी’नं लपवलेलं ‘मामी’नं सांगितलं.

माझ्याबरोबर येणाऱ्या तरुण मुलींना हे पटकन पटत नाही. त्या विचारतात, मग घरचे लोक ‘विसर आता, सोड’ म्हणतात ते तरी काय चुकीचं? चुकीचंच आहे. त्यात सांगणंच बंद होतं. दूर उभं राहायचं ते नीट सांगता यावं म्हणून. आणि बाजार समितीत भाव पाडला जातो त्याचा राग दुरून बघायला मी कुणाला सांगणार नाही. तो राग ‘मी’ म्हणून, ‘आम्ही’ म्हणूनच मांडायचा. आता आम्ही पहिल्या भेटीत ‘काय वाटतं’ विचारत नाही. त्या दिवशी घरात कोण कोण होतं, पाऊस होता का, चहा कुणी केला, इथून सुरू करतो. पुढे कधीतरी म्हणतो, हेच शेजारच्या बाईचं झालं असतं तर तुम्ही तिला काय म्हटलं असतं? काहींना ते जमतं. काहींना राग येतो, मग आम्ही तो प्रश्न सोडून देतो.

एका बाबतीत मात्र मी मुलींना आधीच बजावून ठेवते. जगणंच नको, असं जो बोलून दाखवतो, त्याच्याशी असल्या युक्त्या करत बसायचं नाही, त्याला उपचारापर्यंत पोचवायचं. विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं मदतीसाठी गावातच माणसं तयार केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे तेव्हाही चारातले जवळपास तीन जण उपचाराविना राहिले. म्हणून आमच्या प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिलेला असतो. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि अशा घरातून आम्ही त्या माणसाला एकटं सोडून निघत नाही; सेवाग्राम किंवा वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला कोण येणार, गाडी कुणाची, हे ठरल्याशिवाय उठायचं नाही.