पांचशें एकाची वजाबाकी

खेळाच्या कुळाची चौकशी करण्याची खोड आपल्या पांढरपेशा घरांतून फार जुनी आहे. बुद्धिबळास मान, सोंगट्यांस सणावारीं मुभा आणि पत्त्यांस माजघरांत चोरून प्रवेश. या न्यायानें ‘डार्ट्स’ला आपला उंबरठा ओलांडतां येणें कठीणच, कारण भिंतीवरील गोल फळीवर लहानसे बाण हातानें फेंकण्याचा हा खेळ इंग्लंडांतील दारूच्या गुत्त्यांत वाढला. साखरखेर्ड्यास आमच्या घरीं नातवानें अशी फळी मागितली, तेव्हां माझ्या वडील भगिनी अक्का एवढेंच म्हणाल्या, “गुत्त्यांतला खेळ ओसरीवर नको.”

माझाहि कल प्रथम अक्कांकडेच होता. पण लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें दर हिंवाळ्यांत होणारे जागतिक अजिंक्यपदाचे सामने नातू मोबाइलवर पाहत असे. तेथील सायंकाळचा खेळ आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतो, आणि म्हातारपणीं झोंप तशीहि कमीच. दोन रात्री त्याच्याजवळ बसलों आणि ध्यानांत आलें कीं, हा खेळ नेमाइतकाच तोंडी हिशेबाचा आहे.

प्रत्येक गड्याच्या नांवें ५०१ गुण मांडलेले असतात. ते मिळवायचे नसून फेडायचे असतात. एका पाळीस तीन बाण. फळीवर १ ते २० आंकडे वर्तुळाकार मांडलेले. बाहेरच्या अरुंद कड्यांत बाण लागला तर आंकड्याची दुप्पट, आंतल्या कड्यांत लागला तर तिप्पट. मांडणी मोठी खट आहे. विसाच्या एका अंगास ५, दुसऱ्या अंगास १. म्हणजे साठांचा लोभ धरणाऱ्याचा हात जरासा चुकला कीं पदरीं एकच पडावा! शेवटचा बाण मात्र दुपटीचाच हवा आणि बाकी बरोबर शून्य झाली पाहिजे. अधिक फेडले तर ती पाळी रद्द. ४० उरले असतां विसाची दुप्पट. चुकून नुसते वीस लागले तर दहाची दुप्पट. तेथेंहि नुसते दहा लागले तर पांचाची. आणि त्यांतून नुसते पांच गेले कीं विषम बाकी उरून डाव अडला. त्याहून नवल असें कीं, १७० तीन बाणांत फिटतात (विसाची तिप्पट दोनदां आणि मध्यबिंदूचे ५०, जे पंचविसाची दुप्पट समजले जातात), पण १६९ कोणत्याहि युक्तीनें फिटत नाहींत. मोठें देणें फिटावें आणि लहान फिटूं नये, हें पाहून पावकी-निमकी घोकून घेणारे आमचे पंतोजीहि चकित झाले असते.

प्रेक्षक बेभान ओरडत असतां हे गडी ही वजाबाकी क्षणार्धांत करतात. त्यांत पदवीधरांचा मक्ता नाहीं. सोळा वेळां जगज्जेता झालेला फिल टेलर पूर्वी कारखान्यांत चिनीमातीच्या मुठी बनवीत असे. ल्यूक लिटलरनें जानेवारी २०२५ मध्यें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां तो अवघा १७ वर्षांचा होता. त्याच वर्षीं डिसेंबरांत नितीन कुमार यांनीं नेदरलंड्सच्या रिचर्ड वीनस्ट्राला हरविलें. या स्पर्धेंत सामना जिंकणारे ते पहिले भारतीय. त्याचा आनंद नातवास माझ्याहून अधिक झाला, हें सांगावयास नकोच.

हिशेब आला म्हणजे सर्व आलें असें मात्र नाहीं. पांच वेळां जगज्जेता झालेल्या एरिक ब्रिस्टोच्या हातास पुढें अशी व्याधि जडली कीं, बाण बोटांतून सुटेच ना. दृष्टि तीच, नेम तोच. बोटें उघडत नसत. ही हकीगत मीं अक्कांस सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या यजमानांनीं सारा जन्म कारकुनी केली, आणि अखेरच्या वर्षांत सही करतांना त्यांचीं बोटें अशींच अडत.

“मग त्या माणसाचें पुढें काय झालें?” त्यांनीं विचारलें.

त्यानेंच दहा हजार पौंड पुढें करून टेलरला या धंद्यांत उभें केलें, आणि १९९० च्या अंतिम सामन्यांत त्याच टेलरनें त्याला हरविलें, असें मीं सांगितलें.

फळीचा मध्य जमिनीपासून पांच फूट आठ इंचांवर असावा लागतो. नातवानें ओसरीच्या भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूनें खूण केली आहे. अक्कांनीं ती अद्याप पुसलेली नाहीं.