छतावरचा नकाशा

ठाकुर्लीला राहतो असे सांगितले, की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे डोंबिवलीच ना?" आम्ही मुकाट्याने मान डोलावतो. डोंबिवली आणि कल्याण या दोन थोरल्या भावांच्या मध्ये अंग चोरून बसलेले हे स्टेशन. जलद लोकल त्याच्याकडे न पाहताच निघून जाते. एके काळी मात्र गाड्या ठाकुर्लीच्याच जिवावर धावत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी मुंबईहून कुर्ल्याला गेली. पुढे विजेच्या तारा घाटाकडे निघाल्या, तेव्हा जी. आय. पी. रेल्वेने १९२९ साली येथे चोळ्याचे पॉवर हाऊस उभारले. कोळसा आणायला रूळ दाराशी आणि उल्हास नदी हाकेच्या अंतरावर! १९८०च्या दशकात ते बंद पडले.

आमच्या गच्चीवर उभे राहिले, की एका बाजूला रूळ आणि दुसरीकडे लांबवर मलंगगडाचे डोंगर दिसतात. या गच्चीचे मला फार कौतुक. तिच्या अगदी खाली आमचेच घर आहे, याचा विसर मात्र गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत पडला होता.

जुलैत दिवाणखान्याच्या छतावर एक पिवळट डाग उमटला. मुलांनी त्याला श्रीलंका म्हटले. गोकुळाष्टमीपर्यंत त्याचा ऑस्ट्रेलिया झाला आणि कडेने पोपडे सुटू लागले.

"अहो, हे हसण्यावारी नेऊ नका," सौभाग्यवती म्हणाल्या.

त्यांचे भय अनाठायी नव्हते. जुलै २०१५ मध्ये येथल्याच चोळेगावात एक जुनी इमारत रात्री कोसळली आणि नऊ माणसे गेली. पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचले, की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि फुगता फुगता खालचे काँक्रीट फोडून काढतो. आमची इमारत तिशी ओलांडलेली. त्या रात्रीपासून मी डागाखालची खुर्ची सोडली.

आरोपी शोधायला मला वेळ लागला नाही. शेजारच्या मावशींनी गच्चीत दहा-बारा कुंड्या ठेवल्या होत्या. तुळस, कढीपत्ता, गवती चहा. सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो आणि वर्गात शिकवावे तसे कुंडी, मुळे व ओलावा यांचे नाते समजावून सांगितले. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या एकेक कुंडी स्वतः खाली नेत होत्या. जिन्यात गाठ पडली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. अर्धी रोपे त्यांच्या अरुंद गॅलरीत उन्हावाचून गेली.

सप्टेंबरचा पाऊस आला. ऑस्ट्रेलिया वाढतच राहिला!

अखेर एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्याने छताकडे नुसते पाहिले आणि पेन्सिल मागितली. डागाच्या कडेने रेघ ओढून तारीख घातली. "पाऊस थांबल्यावर सुकतो का, ते बघा," म्हणाला.

ऑक्टोबरच्या उन्हात डाग सुकला, रेघेबाहेर गेला नाही. म्हणजे पाण्याची टाकी निर्दोष, नळही निर्दोष. ते तर बारा महिने गळले असते. दोष पावसाच्या वाटेवरच होता. पण ती वाट नेमकी कुठली?

दिवाळीनंतर गवंड्याने गच्चीवर चिकणमातीचे बांध घालून शेतासारखे वाफे पाडले. एका वेळी एकच वाफा भरायचा, दोन दिवस वाट पाहायची. पहिला वाफा मावशींच्या कुंड्यांच्या जागेचा. खाली थेंब नाही. दुसराही कोरडा गेला. तिसरा कठड्याच्या कोपऱ्यातला; तो भरला आणि दुसऱ्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या पोटात ओल चमकली.

त्या कोपऱ्यात, डागापासून चांगली बारा फूट दूर, एक लोखंडी नळी कोब्यात रोवलेली होती. तिच्या बुडाशी बोटभर फट. "इथून पाणी कोब्यात शिरतं, उताराने स्लॅबवरून सरकतं आणि चीर मिळेल तिथे खाली उतरतं," गवंडी म्हणाला. "ही नळी ठोकली कुणी?"

मीच ठोकली होती. आदल्या दिवाळीत, आकाशकंदील स्टेशनातून दिसावा म्हणून!

गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च नियमाने सोसायटीचा. हा मात्र मी दिला. ते सोपे होते. मावशींच्या दाराची घंटा वाजवणे अवघड गेले. मी सगळे सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, तुळस गेली हो माझी."

यंदाच्या पावसात छत कोरडे राहिले. रंग अजून काढलेला नाही. पेन्सिलीची रेघ आणि तारीख तशीच आहे. कुंड्या पुन्हा वर गेल्या आहेत, विटांवर, खालून वारा खेळेल अशा. नवी तुळस मी कल्याणहून आणली. आकाशकंदील यंदा गॅलरीत लावला आहे. स्टेशनातून तो दिसत नाही. मावशींच्या खिडकीतून दिसतो.