चाकांवरची पडवी

फाटायच्या आधी त्याला पोट सुटलं होतं. जुलैची दुपार. ॲरिझोनातल्या पेसनजवळचं पाईनचं जंगल, आणि मोटरहोममध्ये आम्ही दोघं जेवणानंतरच्या गुंगीत. पाऊस कधी सुरू झाला ते कळलंच नाही. टपावर ताशा वाजायला लागला तेव्हा हे उठले, दारातून डोकावले आणि म्हणाले, "अगं, हे बघ काय झालंय." गाडीच्या कुशीला पसरलेलं आमचं निळं छत मधोमध खाली लोंबत होतं, भरलेल्या पखालीसारखं. मी लांब दांड्याचा झाडू उचलला आणि खालून ढोसलं. बदाबदा पाणी उसळलं, अर्धं पलीकडे, अर्धं माझ्या डोक्यावर. आणि वर, गाडीला लागून, फर्र असा एक लांबलचक आवाज. जुनं लुगडं दंडाला आलं की फाडताना जसा येतो तसाच.

नंतर ह्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ बारा चौरस मीटर. त्यावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा तिथेच साठला, तर तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलो. पंचवीस किलोंची तांदळाची बारा पोती गाडीच्या कुशीला टांगून आपण आत झोपलो होतो, असं ते मला समजावत होते. मी डोकं पुसत होते. छताचा एक कोपरा वीतभर खाली ठेवला असता तर एक थेंब साठला नसता. आढ्याचं पाणी वळचणीला, हे ज्या घरात उठता-बसता ऐकलं त्या घरातली मुलगी मी, आणि छत सपाट पसरून झोपले. लाज पावसाची नाही, त्याची वाटली.

ह्या वस्तूला इथे 'ऑनिंग' म्हणतात. मोटरहोमच्या बाजूला, दाराच्या वर, एक जाड नळी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर कापड गुंडाळलेलं असतं. लांब आकड्यानं ओढलं की ते उलगडत बाहेर येतं, दोन हात त्याला तोलून धरतात. दुकानात ऑनिंग, मेकॅनिककडे ऑनिंग. आमच्या घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून पडवी. "पडवी काढा हो," मी म्हणते, आणि दोन मिनिटांत गाडीला पडवी लागते. दोन खुर्च्या, चहाचं टेबल, वाळत घातलेला पंचा. आत बसलं की आपण गाडीत असतो. पडवीत बसलो की घरी. हा फरक मला कुणाला समजावून सांगता आलेला नाही. ज्यांच्या घराला पडवी होती त्यांना सांगावा लागत नाही.

चिपळूणजवळच्या आमच्या घराला ती तिन्ही बाजूंनी होती. मे महिना उतरणीला लागला की अण्णा शिडी लावून शाकारणीला चढत. नळे एकेक उचलायचे, खालची माती, पालापाचोळा, एखादं विंचवाचं बिऱ्हाड झाडून काढायचं, फुटके बाजूला टाकायचे आणि पुन्हा एकावर एक रचत आढ्यापासून वळचणीपर्यंत यायचं. पडवीच्या उघड्या अंगाला माडाचे झाप सुंभानं बांधायचे, झड आत येऊ नये म्हणून. आम्ही खाली उभे राहून सुंभ वर फेकायचो. मग मृग लागायचा आणि पडवीच्या कडेनं पागोळ्या गळायला लागायच्या. खालच्या मातीत त्यांनी पाडलेल्या खळग्यांची एक सरळ रांग असायची. घर पाडून आता पुष्कळ वर्षं झाली, पण ती रांग मला अजून आखून दाखवता येईल.

आणि गंमत अशी की ॲरिझोनातही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. अरबी 'मौसिम' समुद्र ओलांडत आपल्याकडे आला, तसाच इथेही पोचला. आपला मृग 7 जूनच्या आसपास. इथल्या हवामान खात्याचा मान्सून 2008 पासून 15 जून ते 30 सप्टेंबर असा तारखा ठरवून येतो. चिपळुणात एखाद्या जोरदार दिवशी जेवढा पडेल तेवढा पाऊस फिनिक्सला वर्षभर पुरतो. पण जो येतो तो अंगावर धावून येतो. कधी त्याच्यापुढे धुळीची भिंत असते. तिलाही अरबीच नाव, हबूब. 5 जुलै 2011 ला फिनिक्सवर आलेली भिंत पाच-सहा हजार फूट उंच होती. अशा वाऱ्यात उघडं राहिलेलं ऑनिंग उलटं होऊन टपावर जातं आणि जाताना हात वाकवून जातं. म्हणून नियम साधा: झोपताना गुंडाळायचं, बाहेर जाताना गुंडाळायचं, वाऱ्यानं पानं उलटी दिसायला लागली की चहा अर्धा टाकून गुंडाळायचं. नियम आम्हाला पाठ होता. पाठ असलेले नियमच माणूस विसरतो.

पण खरं सांगायचं तर पावसानं फक्त निमित्त केलं. कापड आधीच मेलं होतं, उन्हानं. ऑनिंग गुंडाळलं तरी गाडीला लागून असलेली शेवटची वीतभर पट्टी नळीवरून बाहेरच्या अंगाला येते. बाकीचं कापड सावलीत झोपतं, ही पट्टी बारा महिने ऊन खाते. तिच्यावर रक्षणासाठी एक जाड आवरण असतं. आमचं फाटलं होतं, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत आम्ही दोन वर्षं काढली होती. वाळवंटातलं ऊन पुढच्या वर्षाची वाट बघत नाही. फाटलेली कड मी बोटांनी चुरली तर वाळलेल्या पापडासारखी मोडली. तिच्या खालचं, गुंडाळीतलं कापड मात्र अजून नव्यासारखं निळं होतं. मी ते बराच वेळ हातात धरून उभी होते.

नवं कोणतं घ्यायचं यावर चार दिवस खल झाला. ह्यांचं मत व्हिनाइल: स्वस्त, पाणी अजिबात झिरपत नाही, पुसलं की स्वच्छ. माझं मत विणलेलं ॲक्रिलिक. त्यात रंग वरून चढवलेला नसतो, धागा होण्याआधीच मिसळलेला असतो. हळकुंड कुठेही मोडा, आत पिवळंच. ते श्वास घेतं, त्यामुळे बुरशी कमी धरते. खालून बोट लावलं तर भर पावसात तिथून पाणी झिरपतं, हे खरं, पण तंबूला आतून हात लावू नये एवढं कुणालाही कळतं. आणि त्याची खरी कमजोरी कापडात नाहीच, शिवणीत आहे. पट्टे जोडणारा दोरा उन्हानं आधी कुजतो. म्हणून दोरा उन्हाला टिकणारा आहे का, हे विचारून मगच मागवायचं. "साडी घेताना पदर बघतेस तशी दोरा बघतेयस," हे म्हणाले. बघतेच. मापाचाही घोळ असतो: सोळा फुटी ऑनिंग म्हणजे दोन हातांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सोळा फूट, कापड त्याहून चांगलं आखूड असतं. ज्यांनी कापडच मोजलं त्यांची फजिती आम्ही ऐकून होतो, म्हणून तेवढी एक चूक आमच्या हातून झाली नाही.

काम काढलं नोव्हेंबरात, क्वार्ट्झसाइटला. हे दोन-अडीच हजार वस्तीचं वाळवंटातलं गाव थंडीत मोटरहोमनी भरून जातं. उत्तरेकडून, कॅनडाहून माणसं उन्हाच्या ओढीनं येतात आणि 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल सरकारी माळावर मुक्काम ठोकतात. गावच्या कब्रस्तानात दगडी पिरॅमिडखाली हाजी अली विसावलाय, माथ्यावर तांब्याचा उंट. अमेरिकी लष्करानं वाळवंटासाठी उंट आणवले त्यांच्याबरोबर 1856 मध्ये आलेला हा उंटवाला. इथल्या जिभांनी त्याचा 'हाय जॉली' केला. 1902 मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यापाशी उभं राहिलं की वाटतं, ह्या माळावर सावली पाठीवर बांधून येणारे आपण काही पहिले नाही.

शेजारच्या गाडीत सस्कॅचवानचे एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायची. आम्ही शिडी लावतोय बघून ते काही न विचारता आपली दुसरी शिडी घेऊन आले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कापडाला घाबरू नका, स्प्रिंगला घाबरा. नळीच्या दोन्ही टोकांत पिळाच्या स्प्रिंगा असतात. त्यांच्याच जोरावर ऑनिंग मागे गुंडाळलं जातं. त्यांचा पीळ बेसावध सुटला तर बोट मोडतं. म्हणून आधी नळीला खीळ घालून ती फिरणार नाही असं केलं. मग कापडाची कड गाडीवरच्या पन्हळीतून सरकवत, दोन शिड्यांवरून दोघांनी सगळं धूड खाली उतरवलं आणि लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं, आजारी माणसाला खाटेवर ठेवावं तसं.

रिव्हेट ड्रिलनं उडवले. टोकाचं झाकण काकांनी घट्ट धरलं, ह्यांनी दांड्याला कुलपी पक्कड लावली. आता पीळ सावकाश सोडायचा आणि वेढे मोजायचे, कारण परत तितकेच द्यायचे असतात. काका म्हणाले, मोठ्यानं मोजा. मोठ्यानं मोजायचं तर मला मराठीतच येतं. एक, दोन, तीन. काका त्यांच्या भाषेत मोजत होते, हे नुसते दात आवळून होते. स्प्रिंग आत कुरकुरत होती, पक्कड दर अर्ध्या वेढ्याला हिसका देत होती, आणि ह्यांच्या मनगटावरची शीर मला नको इतकी स्पष्ट दिसत होती. सुटली शेवटी. मी म्हणाले, "तेरा." काका म्हणाले, "फोर्टीन." ह्यांनी दोघांकडे पाहिलं आणि पक्कड खाली ठेवली.

सुरुवातीचा अर्धा वेढा धरायचा की नाही, यावर वाद होता. मी धरला नव्हता. परत भरताना तेरा भरले, कारण मी हटून बसले. दुसऱ्या टोकालाही तेराच. काका काही बोलले नाहीत.

नवं कापड जुन्या चादरीवर उलगडलं, खडे लागू नयेत म्हणून. नळीच्या खाचा ब्रशनं साफ केल्या. त्यांतून काय काय निघालं! लाल माती, माशीचा पंख, पाईनची एक सुई. ती बहुधा पेसनची. खाचेत सिलिकॉनचा फवारा मारला. तेल नाही, तेलाला धूळ चिकटते. मग मी आणि ह्यांनी कापड सरकवायला घेतलं, नेफ्यात नाडी घालावी तसं, एक ओढतोय, एक भरवतोय. सोळा फूट. मध्येच अडकलं की दोघंही एकदमच "थांब" म्हणायचो.

आता दर पंधरवड्याला मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुते, पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळत नाही. ओलं गुंडाळावं लागलं तर ऊन पडताच पुन्हा उघडते. एक कोपरा कायम खाली. प्रवासात हातांभोवती पट्टे आवळते. गेल्या ऑगस्टात टूसॉनच्या अलीकडे पहिली सर आली तेव्हा क्रिओसोटच्या झुडपांचा तो कडवट, औषधी वास सुटला आणि खाली ठेवलेल्या कोपऱ्यातून एक धार लागली. पाऊस थांबल्यावर बघितलं तर रेतीत खळगा पडला होता. एकच.

तेरा वेढ्यांचं म्हणाल तर ऑनिंग उघडतं छान, गुंडाळतंही. फक्त अगदी शेवटी, गाडीला टेकायच्या आधी, ते दमल्यासारखं थांबतं आणि अर्धा वेढा बाहेर लोंबत राहतो. मग आकडा घेऊन वर ढकलावं लागतं. एक वेढा वाढवायला फार वेळ लागणार नाही, पण कुणी काढत नाही ते काम. संध्याकाळी हे आकडा भिंतीवरून काढतात, माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "घे, तुझा चौदावा."