झाडावर राखलेलं फूल



२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण आपल्या माणसांच्या कबरींवर झेंडू वाहतो. त्याच दिवसांत आम्ही खानापुरात धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांना घेऊन फुलझाडांचं बी गोळा करतो. याला पैसे लागत नाहीत. शेजारच्या परसातून मागून आणायचं आणि मागेल त्याला द्यायचं. फुकट मिळालं ते फुकट द्या, हे प्रभूने शिष्यांना सांगितलंच आहे (मत्तय १०:८).

मुलांना यात एकच गोष्ट जड जाते. झाडावरचं सगळ्यात टपोरं फूल तोडायचं नाही. ते वेदीवर जात नाही, कबरीवरही जात नाही. ते झाडावरच वाळू द्यायचं. पाकळ्या तपकिरी होतात, मान लवते, येणारा-जाणारा विचारतो, "हे कशाला ठेवलंय?" पण पुढच्या वर्षीचा झेंडू त्याच्याच पोटात असतो. घाई करून हिरवट फूल खुडलं तर बी पोचट निघतं.

आमच्या आळीत एक मावशी आहेत. मुलं कामाधंद्यासाठी लांब गेली. आता डोळ्यांना दिसत नाही, मिस्साला येणं होत नाही. फादर घरी जाऊन त्यांना ख्रिस्तशरीर देतात. पण बी निवडायला मुलं त्यांच्याकडेच जातात. बोटांनी चाचपून त्या सांगतात : सुईसारखं बारीक, ते झेंडूचं, मिऱ्यासारखं, ती गुलबक्षी, बारीक गोल दाणा, तो तेरडा. सावलीत वाळवून, जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुड्या बांधायच्या. प्लास्टिकमध्ये नाही, ओल राहिली तर बुरशी धरते. पुड्या बांधता बांधता त्या मुलांकडून जपमाळेची रहस्यंही म्हणवून घेतात. आमच्यातल्या कितीतरी जणांना क्रूसाची खूण त्यांनीच शिकवली.

वाळलेलं फूल टाकायला निघालेल्या पोराला त्या म्हणाल्या, "वाळलंय म्हणून टाकू नको रे. आता तर ते कामाचं झालंय."

हे ऐकल्यापासून आम्हांला योहान १२:२४ मधला गव्हाचा दाणा वेगळाच कळू लागला. मातीत पडून मरणाऱ्या दाण्याबद्दल प्रभू बोलला, तेव्हा त्याच्यासमोर स्वतःचा क्रूस होता. जगाला जे संपलेलं दिसलं, त्यातूनच देवाने पीक काढलं.

विल्यम कॅरी हे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला परकं नाही. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. बंगालमध्ये सेरामपूरला त्यांची मोठी बाग होती. एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर त्यांनी रिकामी पिशवी सावलीतल्या मातीवर झटकली. काही दिवसांनी तिथे त्यांच्या मायदेशातलं डेझीचं रोप उगवलं. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते फूल पाहिलं नव्हतं. पिशवी रिकामी म्हणून फेकली असती तर?

आपल्या धर्मग्रामातही अशा "रिकाम्या" पिशव्या आहेत. मुलं बेळगावला, गोव्याला, पुण्याला गेली. घरात एक म्हातारं माणूस आणि भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर. आपण त्यांना दया म्हणून भेटतो. खरं तर घ्यायला जायला हवं. त्यांच्याकडच्या प्रार्थना, आठवणी, सोसण्याची रीत कुणी वेळेवर मागितली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच मातीत जाईल.

म्हणून या रविवारी मिस्सानंतर बियांच्या पुड्या वर्गात आणा, हव्या त्या घेऊन जा. जूनमध्ये आपला पाऊस कोसळतो तेव्हा बी वाहून जातं. त्याआधीच वळचणीला, फुटक्या कुंडीत रोपं करा. ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मुलांच्या हातात घरची फुलं असतील. त्यातली ओंजळभर, ज्यांनी बी दिलं त्यांच्या घरी पोचवा.

हे प्रभू, आमच्यातल्या वाळत चाललेल्यांना तू टाकून देत नाहीस. त्यांच्यापाशी बसायला आम्हांला वेळ दे, आणि त्यांनी दिलेलं बी पेरायला हात दे. आमेन.