सहा व्होल्टचा उजेड

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने जी लहानशी, उघडी लष्करी गाडी घडविली ती जीप. टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने आणि फोर्डने मिळून १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. त्यांतील कित्येक ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात उतरल्या आणि युद्ध सरल्यावर परत न जाता येथेच लिलावात निघाल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. तरीही जंगलमुलखातील जुन्या माणसांच्या मनात जीप म्हटले की उभी राहते ती लढाईतून उरलेली हिरवट गाडीच.

आमच्या सिंदेवाहीच्या घरी अशी एक १९४४ सालची विलीज आहे. आमचे बाबा जंगलातील कूपांचे लहानसे ठेकेदार होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधीच्या अखंड जिल्ह्यात, पावसाळ्यात बैलगाडीही रुतेल अशा वाटांनी त्यांनी ती हाकली. बाबा गेल्यावर ती कित्येक वर्षे गोठ्यालगतच्या टिनाच्या छपराखाली उभी राहिली. धानाच्या तणसात उंदरांनी संसार थाटला आणि त्यांच्या दातांना गाडीतील सुती वेष्टनाच्या तारा फार रुचल्या. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. आम्हां दोघां भावांपैकी एकाला ती विकावी असे वाटत होते, दुसऱ्याला ती जपावी असे वाटत होते. अखेर एका गोष्टीवर एकमत झाले. ठेवायची असेल तर चालती ठेवायची, आणि त्यासाठी आधी तारा व डॅशबोर्ड दुरुस्त करायचा. या गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. उघड्या पडलेल्या तारेची एक ठिणगी काय करील, हे सांगावयास नको.

या जीपचा डॅशबोर्ड म्हणजे लोखंडी पत्र्याची साधी फळी. मधोमध वेगमापक आणि त्याच्या आजूबाजूला चार लहान तबकड्या: पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि अँपिअरमापक. आम्हांला वाटले होते की चारही विजेवर चालत असतील. उघडून पाहिले तेव्हा कळले की दोनच विजेच्या आहेत. तेलाच्या तबकडीपर्यंत इंजिनातील तेलच बारीक नळीतून दाबाने येते. तापमानाच्या तबकडीची केसासारखी नळी लगेच वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेली असते. ती एकदा तुटली की नुसती जोडून भागत नाही. आमची सुदैवाने शाबूत होती. अँपिअरमापक मात्र गेलेला होता. तो मुंबईच्या चोरबाजारातून मिळाला.

खरा प्रश्न तारांचा होता. काही वर्षांपूर्वी शहरातील एका गॅरेजने पुढच्या दिव्यांना आजच्या गाड्यांच्या बारीक तारा जोडून दिल्या होत्या. दिवे लागत, पण चिमणीसारखे मिणमिणत. तारा हाताला गरम लागत. त्याचे कारण आमच्या गावच्या मोटार रिवायंडिंग करणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनी आम्हांला झाडीपट्टीच्याच भाषेत समजावले. ते म्हणाले, "बोडीत पानी कमी असन अना तेवढीच बांधी भिजवाची असन, त नाली रुंद पायजे ना भाऊ!"

यापेक्षा नेमके शब्द आम्हांला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. आजच्या मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, या जीपची ६ व्होल्टची. म्हणजे बोडीतील पाण्याची उंचीच निम्मी. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर प्रवाह घेतो, तर ६ व्होल्टवर साडेसात. प्रवाह दुप्पट, म्हणून तारही जाड हवी. वाटेत अर्धा व्होल्ट वाया गेला तर १२ व्होल्टच्या गाडीत चोविसावा भाग जातो, येथे बारावा जातो. गंजलेला सांधा आणि रंगाच्या थरावर बसविलेली अर्थिंगची तार, हे या गाडीचे खरे वैरी.

सगळीच व्यवस्था १२ व्होल्टची करून टाकावी, असा सल्ला अनेकांनी दिला. तो व्यवहाराला धरूनच होता. परंतु मग डायनॅमो, रेग्युलेटर, सर्व दिवे बदलणे आले. आम्ही सहा व्होल्टच ठेवायचे ठरविले.

बॅटरी सोडवून काम सुरू झाले. प्रत्येक तार काढण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांना कापडी चिठ्ठी बांधली आणि आलेख-कागदावर तिची वाट रेखाटली. एका वेळी एकच मंडल बदलायचे, हा मिस्त्रींचा दंडक होता. आणि मग फळीच्या मागे आम्हांला बाबा भेटू लागले. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळलेला सांधा. सुतळीने बांधलेली तार. एके ठिकाणी घरातील विजेच्या वायरीचा लाल तुकडा. आई बाजूला बाजेवर बसून पाहत होती. तो लाल तुकडा हाती घेऊन ती म्हणाली की तो एका पावसाळी रात्रीचा आहे. जंगलातील एका गावाहून बाळंतिणीला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेताना दिवे गेले होते. बाबांनी कंदिलाच्या उजेडात तो तुकडा जोडला. बाळ-बाळंतीण दोघेही वाचली.

यानंतर आमचे हात थबकले. कारखान्यातून निघाली तशी गाडी करावी म्हणून आम्ही निघालो होतो, आणि आता तिच्यावरील बाबांचाच हात पुसून टाकणार होतो. आमच्यातील एकाने ते सांधे तसेच ठेवावेत असा आग्रह धरला. दुसऱ्याने आसनाखालच्या टाकीकडे बोट दाखविले. दोन दिवस काम बंद राहिले. तिसऱ्या दिवशी आईनेच विषय संपविला. "तार बदला. तुमचे बाबा असते त त्यांनीबी बदललीच असती. गाडी चालाले पायजे म्हनून त जोडली होती त्यांनी."

त्या वाक्याने आमचा जपणुकीविषयीचा गैरसमजच दूर केला. वस्तू होती तशी गोठवून ठेवणे वेगळे आणि ती ज्या कामासाठी होती त्या कामाला पुन्हा लावणे वेगळे. बाबांच्या सांध्यांतील निष्ठा तारेत नव्हती, गाडी थांबता कामा नये या जिद्दीत होती.

नव्या जाड तारा ओढल्या. प्रत्येक अर्थिंगखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढले. बॅटरी थेट न जोडता मध्ये एक दिवा घालून पाहिला. कोठे तार चिकटली असती तर तो भगभगून पेटला असता. तो विझलेलाच राहिला. मग इंजिन बंद ठेवून पुढचे दिवे लावले आणि अँपिअरमापकाकडे पाहिले. काटा उजवीकडे गेला असता तर मागील दोन तारांची अदलाबदल करावी लागली असती. तो सावकाश डावीकडे, खर्चाच्या बाजूला झुकला. पायाने स्टार्टर दाबून इंजिन सुरू करताच मध्य ओलांडून जमेच्या बाजूला आला. फळीवरचे दोन टोपीवाले छोटे दिवे लागले. फळीवरचा बाबांनी दिलेला रंग आम्ही खरवडला नाही. त्याने कोणालाच धोका नव्हता.

सहा व्होल्टचा उजेड पिवळसर असतो. आजच्या दिव्यांपुढे तो फिकाच. पण समोरची वाट त्यात स्पष्ट दिसते. काढलेले सांधे आईने एका डब्यात ठेवले आहेत. आलेख-कागदावरील नकाशा प्लास्टिकमध्ये बंद करून आम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. त्यावर प्रत्येक तारेची जाडी आणि वाट लिहिली आहे. आमच्या माघारी कोणाला तरी या तारा पुन्हा बदलाव्या लागतील. त्याने त्या निःसंकोच बदलाव्यात.