छतही खेळात असतं

दार ओढून घेतलं की रॅकेटबॉलच्या कोर्टाला दारच उरत नाही. कडी, मूठ, बिजागऱ्या, सगळं भिंतीच्या सपाटीत बसवलेलं. चेंडूला कुठे ठेचकाळायला जागा नको. 40 फूट लांब, 20 फूट रुंद आणि तितकीच उंच अशी ती रिकामी खोली. नुसतं खाकरलं तरी घुमतं. चार भिंती, जमीन आणि छत, सहाही बाजू खेळात.

बॅडमिंटन-टेनिसवर हात बसलेला माणूस इथे मोठ्या ऐटीत शिरतो. चेंडू दिसला रे दिसला की पुढे झेपावून खांद्याच्या उंचीवर टोला हाणतो. चेंडू समोरच्या भिंतीवर उंच लागतो, त्याच्या डोक्यावरून मागे जातो, मागच्या भिंतीला लागून पुन्हा पुढे येतो, आणि हा त्याच्यामागे गरगर फिरत राहतो. समोरचा गडी कधी कधी चांगला साठीचा, पोट सुटलेला असतो. मध्यावर उभा राहून तो दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करतो आणि या तरण्याताठ्याचा घाम काढतो.

हा खेळ मुळात जुळवाजुळवीतून जन्मला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ग्रीनिचच्या वायएमसीएमध्ये, जो सोबेक नावाच्या रबर कारखान्यातल्या माणसाने 1950च्या सुमारास आखूड दांड्याची, तातींची रॅकेट करून पाहिली आणि नियम बेतले. कोर्ट बांधायची गरजच नव्हती. हातानं चेंडू मारायच्या हँडबॉलची कोर्टं गावोगावी तयार होती. हँडबॉलवाल्यांना ही घुसखोरी रुचली नाही, पण 1970च्या दशकात खेळ अमेरिकाभर पसरला आणि सॅन दिएगो हे त्याचं माहेरघर झालं. ऑलिंपिकचं दार मात्र त्याला आजवर उघडलेलं नाही.

शिकणाऱ्याला आधी चेंडूचा स्वभाव कळायला हवा. सव्वादोन इंच व्यासाचा, 40 ग्रॅमचा हा पोकळ रबरी गोळा 100 इंचांवरून सोडला तर 68 ते 72 इंच उसळला पाहिजे, असा नियमच आहे. स्क्वॉशचा चेंडू टप्पा पडल्यावर मरगळतो. हा मरगळत नाही. म्हणून इथे घाई नडते. चेंडू उसळू द्यावा, खाली येऊ द्यावा आणि गुडघ्याच्याही खाली आला की मारावा. समोरच्या भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर अंतरात बसलेला फटका म्हणजे ‘किल शॉट’. तो नीट साधला तर चेंडू उसळतच नाही, जमिनीवरून घरंगळत येतो. त्यावर उत्तर नाही.

हात कसा फिरवायचा, हे गावच्या तळ्यावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढणाऱ्या पोराला सांगावं लागत नाही. गुडघे वाकलेले, कोपर पुढे, मनगट शेवटी. बॅकहँडला तीच गोष्ट उलट्या अंगानं. तिथे आळस चालत नाही, कारण प्रतिस्पर्धी शहाणा असेल तर बहुतेक सर्व्हिस त्याच कोपऱ्यात टाकणार. मार्टी हॉगन या खेळाडूने सत्तरच्या दशकात निव्वळ ताकदीवर या खेळाचा तोंडवळा बदलला. पण तो चेंडू इतका मागे येऊ देऊन मारायचा की नवख्यानं त्याची नक्कल न केलेलीच बरी.

छताचा फटका मला सगळ्यांत देखणा वाटतो. अडचणीत सापडलात की चेंडू वर मारा: छत, समोरची भिंत, जमीन, आणि मग एक उंच कमान काढत तो थेट मागच्या भिंतीपाशी उतरतो. प्रतिस्पर्ध्याला मागे जावंच लागतं आणि मधली जागा तुमची होते. समोरच्या भिंतीपासून 25 फुटांवर एक तुटक रेघ असते; तिच्या थोडं मागे, मधोमध उभं राहायचं. फटका मारून तिथे परतायची सवय लागली की अर्धी धावपळ वाचते. मागच्या भिंतीवरून येणाऱ्या चेंडूचं गणितही असंच. तो भिंतीकडे जाताना त्याच्यामागे धावू नये. तो परत कुठे येणार ते हेरून त्याच्यासोबत पुढे सरकावं.

सरावाला जोडीदार लागतोच असं नाही. एकट्यानं कोर्टात जावं, चेंडू हातातून सोडावा, टप्पा पडू द्यावा आणि एकाच फटक्याचा पिच्छा पुरवावा. पारंपरिक नियमांत जुन्या बॅडमिंटनसारखे गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतात; गेम 15चा, निर्णायक 11चा. त्यामुळे सर्व्हिस घोटायला दिलेली सकाळ वाया जात नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना विद्यापीठाच्या जिममध्ये हे कोर्ट आयतं सापडतं आणि मित्राची रॅकेट उसनी घेऊन ती थेट आत शिरतात. रॅकेट उसनी चालेल. रॅकेटचा दोरा मनगटात अडकवा आणि डोळ्यांवर पॉलिकार्बोनेट काचांचा संरक्षक चष्मा चढवा. रोजचा नंबरचा चष्मा इथे कामाचा नाही. पूर्वी बिनकाचेच्या नुसत्या चौकटी मिळायच्या, पण वेगात आलेला चेंडू चेपून त्या फटीतून डोळ्यापर्यंत पोचायचा. मागे काय चाललंय ते मान वळवून पाहणं या खेळात भागच आहे, तेव्हा चष्म्याशिवाय दार ओढून घेऊ नका.